थेट दर्शन

"आली! शिवकन्या आली!"

उदगीरजवळच्या त्या मठात एकच कल्लोळ उठला. मंडपात, प्रसादाच्या खोलीत, भक्तनिवासात, सगळ्या टीव्हींवर एकाच क्षणी माझी धाकटी बहीण दिसू लागली. तिला माती देऊन महिना झाला होता. कोपऱ्यात 'थेट दर्शन' ही अक्षरं लुकलुकत होती. अंगाभोवती शाल घट्ट ओढून ती शिवभक्तीचं वचन गात होती आणि थरथरत होती.

"बघा, कैलासाचं तेज पोरीच्या अंगात मावंना!" महाराज गरजले. "यमाला दटावून आणलंय मी तिला!"

आमची आई, अव्वा, पडद्याला हात लावून बसली होती. हे दर्शन सुरू झाल्यापासून ती मठातच राहत होती.

"अव्वा, घरी चल."

"तिला इथं एकटीला सोडून कसं येऊ, शिवानी?"

मी विष्णुपुरीच्या कॉलेजात नेटवर्क शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीला भक्तनिवासातल्या टीव्हीची वायर लॅपटॉपला जोडली आणि एका ओळीची कमांड दिली: जे चित्र येतंय, ते साठव. संध्याकाळी महाराज आसनावर बसले तेव्हा सगळ्यांदेखत कॅमेऱ्याची वायर काढली आणि दुसरी कमांड दिली: साठवलेलं परत सोड.

आसनावर महाराज गप्प आणि सगळ्या पडद्यांवर महाराज आरती करताहेत!

"महाराज दोन झाले!" एका म्हाताऱ्यानं हात जोडले.

"दोन न्हाईत, काका. पडद्यावरचे सकाळचे हायत. कॅमेरा एका ठरलेल्या पत्त्यावर चित्र सोडतो. त्या पत्त्यावर कान लावलेले सगळे टीव्ही ते एकदम दाखवतात. सोडणारा कॅमेरा हाय का जुनी फाईल, टीव्हीला कळत न्हाई. शिवकन्या जितेपणी इथं गायली तवाच तिचंबी चित्र असंच साठवून ठेवलंय."

महाराज उठून आत गेले. दार आतून लागलं.

"मंग ती थरथरत कशापायी होती?" अव्वानं विचारलं.

तिचं तिलाच आठवलं. "ताप होता गं तिला त्या दिशी. दवाखान्यात नेते म्हणलं, तर महाराजच म्हणले, विभूती लाव, तेज हाय ते."

डेंग्यू होता. वेळेवर नेलं असतं तर कदाचित वाचली असती. म्हणून सांगते, ताप आला की रक्त तपासा. चमत्कार दिसला की तो कसा केला ते विचारा, आणि विचारताना कुणाला भिऊ नका.

अव्वा माझ्यासोबत घरी आली. उंबऱ्यातच थांबली.

"शिवानी, ती फाईल मिळंल का? जुनी हाय, कळलं मला. पण आवाज तर तिचाच हाय ना?"

"हाव, अव्वा. तिचाच हाय."