आधी डोके, मग गुडघा

मित्रांनो, मी एक जुना नी-स्लायडर आहे. नाव ऐकून बिचकू नका. तळहाताएवढा, कडक प्लास्टिकचा, वरून फुगीर असा मी एक साधा ठोकळा आहे. शर्यतीची मोटारसायकल वळणावर झुकते तेव्हा स्वाराचा आतल्या बाजूचा गुडघा रस्त्याच्या अगदी जवळ येतो. तो सोलवटू नये म्हणून चामडी पोशाखाच्या गुडघ्यावर मला चिकटवतात. उजव्या गुडघ्यावर मी आणि डाव्यावर माझा जुळा भाऊ. आमच्या ट्रॅकवरची बहुतेक वळणे उजवीकडची, त्यामुळे सगळे काम माझ्या वाट्याला येते. भाऊ नवा कोरा राहतो आणि वर मलाच शांत राहायला सांगतो.

शांत कसा राहू? माझे काम खरे तर सोपे आहे. गुडघा वाचवायचा आणि हलकेच रस्त्याला टेकून स्वाराला सांगायचे की बाबा रे, आता आणखी झुकू नकोस. एवढेच. पण आमच्या गावातल्या माणसांनी या सोप्या कामाचा पार विचका करून ठेवला होता. कपाळावर हात मारून घ्यावा तर मला हातही नाही आणि कपाळही नाही.

आमचे गाव इटलीत, समुद्रकाठच्या रिमिनी शहराच्या मागे, टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. तिथल्या यादेर नावाच्या गृहस्थाने मला खोक्यातून बाहेर काढले. यादेर फरशी बसवण्याचे काम करायचा. सोमवार ते शनिवार लोकांच्या न्हाणीघरांत गुडघे टेकून बसायचे आणि रविवारी ट्रॅकवर जाऊन पुन्हा गुडघा टेकवायचा, असा त्याचा क्रम होता. त्याची बायको मोरेना म्हणायची, "आठवडाभर गुडघ्यावर, रविवारीही गुडघ्यावर. चर्चमध्ये तेवढा कधी टेकत नाहीस."

पहिल्या दिवशी त्याने मला फडक्याने पुसले आणि खिडकीत ठेवून कौतुकाने पाहिले. मला वाटले, चांगले घर मिळाले. सोमवार संध्याकाळपर्यंत माझा हा समज टिकला.

सोमवारी संध्याकाळी गावातले सगळे स्वार बारमध्ये जमायचे. पत्त्यांचा डाव मांडायच्या आधी प्रत्येकाने आपला उजवा स्लायडर टेबलावर ठेवायचा, अशी तिथली पद्धत होती. मग बोटाने चाचपून कोणाचा किती झिजला ते बघायचे. ज्याचा सर्वांत जास्त झिजलेला, तो आठवडाभर राजा. ज्याचा सर्वांत कमी, तो पाद्री. सायकलवर ताठ बसून, झगा सांभाळत, वळणावर जराही न झुकता जाणारे पाद्रीबुवा असतात ना, तसा हा गाडी चालवतो म्हणून ते नाव. पाद्रीने सगळ्यांना वाइन ओतून द्यायची आणि आठवडाभर टोमणे खायचे.

राजा नेहमी ओलिंदो असायचा. बारच्या समोरच त्याचे भाजीचे दुकान होते आणि आवाज बाजारात लावायचा तोच सगळीकडे लावायचा. त्याने मला उचलून उजेडात धरले आणि ओरडला, "अरे यादेर, हा तर अजून बाळ आहे! दूध पितो का रे?" सगळा बार हसला. यादेर लाल झाला आणि त्या क्षणी माझ्या आयुष्याचे वाटोळे झाले.

पुढच्या रविवारपासून यादेरला एकच ध्यास लागला. काहीही करून मला रस्त्याला लावायचे. वळण कसे घ्यायचे, कुठे बघायचे, गाडीला काय हवे आहे, हे सगळे गेले उडत. वळण आले की हा बसल्या जागेवरून इतका बाहेर सरकायचा की बुडाखाली सीट उरायची नाही. गुडघा उघड्या दारासारखा बाहेर. पण छाती आणि डोके मात्र गाडीच्या दुसऱ्या बाजूला, टाकीच्याही पलीकडे! म्हणजे खालचा माणूस उजवीकडे निघाला आणि वरचा डावीकडे राहिला. मग तोल सांभाळायला दोन्ही हातांनी हँडल असे आवळायचे, जणू कोणी ते चोरून नेणार आहे. शरीराचा वरचा भाग आत आला की गाडीला कमी झुकावे लागते, हे या माणसाला कोण सांगणार? त्याचे वजन चुकीच्या बाजूला, म्हणून बिचारी गाडी टायरच्या कडेपर्यंत झुकायची. मी रस्त्यावर खर्र खर्र घासला जायचो आणि हा वर हेल्मेटमध्ये खूश व्हायचा.

पाइनच्या झाडांपाशी एक लांबलचक उजवे वळण आहे. तिथे हा पहिल्यांदा पडला. गाडीचे पुढचे चाक सरकले आणि आम्ही दोघे खडीत गेलो. महिन्याभराने त्याच वळणावर, त्याच चुकीने पुन्हा पडला. या वेळी त्याच्या खांद्याचे हाड मोडले.

मोरेना दर रविवारी त्या वळणाच्या कुंपणापाशी उभी असायची. खांदा बरा होऊन तो परत आला, तेव्हापासून ती ट्रॅककडे पाठ करून उभी राहू लागली. झाडांकडे बघत ती फक्त इंजिनांचे आवाज ऐकायची. इतक्या गाड्यांतून नवऱ्याच्या गाडीचा आवाज ती ओळखायची आणि तो पुढे गेला की तिचे खांदे खाली यायचे. मी जमिनीलगत जाताना दर फेरीला ती पाठ बघत होतो. फार वाईट वाटायचे, पण ठोकळ्याचे वाईट वाटणे कोणाच्या उपयोगाचे?

शेवटी एकदा जेवताना तिने यादेरला सांगितले, "पर्यटक गेले की सप्टेंबरात क्लबची शर्यत आहे. तेवढी धाव. तिथे आडवा झालास तर गाडी विकून टाकेन. आणि दुसऱ्या कुणाला नाही, ओलिंदोला विकेन."

"ओलिंदोला?" यादेरच्या हातातला काटा तसाच राहिला.

"रोज संध्याकाळी तो ती तुझ्या दारावरून नेईल. हॉर्न वाजवत."

तसा यादेर माणूस वाईट नव्हता हो. गाडी त्याचा जीव की प्राण होती आणि बायकोवरही त्याचे प्रेम होते. पण बारमधले हसणे काही त्याच्या डोक्यातून जाईना. मग त्याने काय केले असेल? एका संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन त्याने मला शिकंज्यात आवळले आणि फरशीच्या कडा घासायच्या दगडाने घासायला सुरुवात केली! पडायलाही नको आणि पाद्रीही व्हायला नको, असा त्याचा डाव. मित्रांनो, डांबरावर झिजण्यात निदान काही इभ्रत आहे. न्हाणीघराच्या दगडाने झिजणे म्हणजे काय, ते मलाच माहीत. दगडाने माझा जेमतेम एक पापुद्रा गेला, पण लाजेने मी अर्धा झालो.

गॅरेजचे दार स्वयंपाकघरात उघडते. त्या दारात मोरेनाची आई, देआन्ना, उभी राहिली. हाताला पीठ लागलेले, कमरेला फडके. ही बाई तरुणपणी नवऱ्याबरोबर साइडकारच्या शर्यती धावायची. नवरा गाडी चालवायचा आणि ही शेजारच्या फळीवर. वळण आले की सगळे अंग बाहेर टाकून गाडी उलटू न देणे हे तिचे काम. नवरा कधीच वारला, पण त्यांची तीनचाकी एकदाही उलटली नाही.

"काय चाललंय जावईबापू? माझ्या चुलीमागची फरशी वर्षभर हलतेय, आणि इथं प्लास्टिकला पॉलिश?"

"काही नाही सासूबाई. जरा खरखरीत झाला होता."

तिने मला शिकंज्यातून सोडवले आणि अंगठा फिरवला. "डांबरानं घासलं की कडा वितळतात. ही दगडाची रेघ आहे. ओलिंदोला फसव हवं तर, मला नको फसवू."

यादेर स्टुलावर बसला. "मग काय करू? सगळे हसतात. पाद्री म्हणतात."

"म्हणू देत की. पाद्री म्हातारे होऊन मरतात." तिने मला त्याच्या हातात दिले. "कपडे चढव आणि गाडी स्टँडवर घे. आणि हात धू आधी."

"हात कशाला?"

"कणकेला हात लावायचाय. धू म्हटलं की धू."

पियादीनाची कणीक मळून झाली होती. आमच्याकडे ही जाड पोळी रोजच होते. देआन्नाने चरबी घातलेले दोन मऊ गोळे घेतले आणि गाडीच्या दोन्ही मुठींवर थापले. यादेर स्टँडवरच्या गाडीवर बसला. मी त्याच्या गुडघ्यावर होतो.

"आता घे तुझं पाइनचं वळण," ती म्हणाली.

यादेरने नेहमीसारखे बूड बाहेर टाकले, गुडघा फाकवला आणि हँडल आवळले. कणीक बोटांच्या मधून पिळून बाहेर आली.

"बघितलंस? हे असं धरतोस हँडल. पुढच्या चाकाचा गळा दाबतोस, मग ते सरकणार नाही तर काय करणार? पुन्हा थापते. कणकेवर बोट उमटता कामा नये."

"मग धरू कशाने?"

"डावी मांडी कशाला दिलीय देवानं? टाकीला लाव ती. घट्ट. अंगाचं ओझं मांडीवर आणि पायावर घे, हातावर नाही. पायाचा चवडा टेकव, टाच नको. बूड अर्धंच बाहेर काढ. अर्धं म्हटलं मी, सगळं नाही. तू काय सीट विकायला काढलीयस?"

यादेर सरकला.

"आता डोकं. ते कुठं राहिलं? डोकं अजून बारमध्येच आहे का? आत आण, खाली आण. हनुवटी उजव्या मनगटाकडे. कोपर सैल सोड, जमिनीकडे पडू दे. आणि गुडघ्याकडे काय बघतोस? तो कुठं पळून जात नाही." ती लाटणे घेऊन गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि ते उंच धरून उभी राहिली. "इकडं बघ. वळणातून जिथं बाहेर पडायचंय तिथं. लाटण्याकडं बघ."

"आणि गुडघा कधी टेकवायचा?"

"तू नाही टेकवायचा. बाकी सगळं नीट असलं तर तो आपला आपण टेकेल. नाही टेकला तरी काही बिघडत नाही."

मित्रांनो, मला कपाळ असते तर त्या बाईच्या पायांवर टेकवले असते. इतके दिवस मी हेच ओरडत होतो आणि ऐकत कोणी नव्हते!

पण माणसाची सवय एका संध्याकाळी जाते थोडीच. उन्हाळाभर रोज हाच प्रकार. मांडी लागली की डोके विसरायचा, डोके आणले की टाच टेकवायचा, आणि सगळे जमले की घाबरून पुन्हा मूठ आवळायचा. देआन्ना करवादायची, मी मनातल्या मनात करवादायचो आणि घरच्यांना रोज बोटांच्या ठशांच्या पियादीना खाव्या लागायच्या. मोरेना आपली पोळी उलटून बघायची आणि मगच खायची. ऑगस्ट सरता सरता एका रात्री तिने पोळी उलटली. पोळी गुळगुळीत होती. तिने नवऱ्याकडे पाहिले आणि चीज पुढे सरकवले.

शर्यतीच्या दिवशी ऊन होते. मोरेना नेहमीच्या जागी, पाठ करून उभी. देआन्ना तिच्या शेजारी, तोंड ट्रॅककडे. पहिल्या काही फेऱ्यांत मी रस्त्याला लागलोच नाही. खरे सांगतो, मलाही जरा चुकल्यासारखे वाटले. यादेरचे डोके आत होते, हात सैल होते, गाडी कमी झुकून तेवढ्याच वेगाने वळत होती आणि मी हवेत होतो. पुढे ओलिंदो होता. बूड बाहेर, गुडघा बाहेर, छाती पलीकडे, आणि त्याच्या स्लायडरचा खर्र आवाज आमच्यापर्यंत येत होता.

शेवटच्या फेरीला पाइनच्या वळणावर ओलिंदोच्या गाडीचे पुढचे चाक सरकले. गाडी आडवी पडून आमच्या वाटेत घसरत आली आणि लोखंडाचा डांबरावर तो भयंकर आवाज झाला. कुंपणापाशी मोरेनाने दोन्ही हातांनी कान झाकले.

पूर्वीचा यादेर असता तर त्याने मूठ आवळली असती आणि आम्ही सरळ ओलिंदोवर गेलो असतो. मला पक्के ठाऊक आहे, कारण मागच्या दोन्ही वेळा मी त्याच्याबरोबर खडीत गेलो होतो. पण मूठ सैलच राहिली. डोळे पडलेल्या गाडीवर गेले आणि लगेच वळणाच्या टोकाकडे वळले. त्याने हनुवटी आणखी आत नेली. गाडीकडे अजून झुकायला जागा शिल्लक होती, इतके दिवस वाया घालवलेली जागा. ती झुकली, आतून वळली आणि त्या वेळी मी रस्त्याला टेकलो. त्याने मला टेकवले नव्हते, मी आपला आपण टेकलो होतो. जेमतेम, हलकेच. मग गाडी उभी झाली आणि आम्ही सुखरूप बाहेर पडलो.

शर्यत संपल्यावर सगळे हळूहळू फेरी मारून परत येतात. त्या फेरीत पाइनपाशी मला कित्येक महिन्यांनी मोरेनाचा चेहरा दिसला. गाल ओले होते आणि ती काहीतरी ओरडत होती. ओठांवरून ते कौतुक वाटत नव्हते, चांगल्या चार शिव्या असाव्यात. यादेरने हात हलवला. माझ्या सगळ्या आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सोमवारी बारमध्ये स्लायडर टेबलावर आले. उन्हाळाभर इतरांचे डांबरावर झिजत राहिले होते, त्यामुळे मी सर्वांत जाड. "पाद्री! पाद्री!" करून सगळे ओरडले. यादेर हसला, उठला आणि त्याने एकेकाचा पेला भरला. राजा ओलिंदो मनगटाला प्लास्टर घालून बसला होता. तो नुसता मला हातात घेऊन फिरवत राहिला.

मी अजूनही त्याच गुडघ्यावर आहे, आणि अजून जाड आहे. तुम्ही मोठे होऊन ट्रॅकवर जाल तेव्हा माझ्या भाऊबंदांना जपा, मित्रांनो. खिडकीत ठेवून कौतुक नको आणि दगडाने घासणे तर मुळीच नको. आपले डोके जागेवर ठेवा, म्हणजे आमचे आम्ही बघून घेऊ.

आणि हो, एक सांगायचे राहिले. प्लास्टर निघाले त्या आठवड्यात गॅरेजच्या दारावर टकटक झाली. ओलिंदो उभा होता. त्याचा तो बाजारी आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"देआन्नाताई," तो पुटपुटला, "ती कणीक... जरा मलाही..."

देआन्नाने त्याला नखशिखांत न्याहाळले आणि नळाकडे बोट दाखवले.

"हात धू आधी, पाद्रीबुवा."