कपाटावरचा फोटो

चित्रपटगृहातले दिवे मालवायच्या आधी ग्युचानने मागे वळून पाहिलं. सहाव्या रांगेत त्याची आई बसली होती. शेजारी थोंगयोंग गावाहून आलेली म्हणून थोंगयोंगवाली, बाजारात आईच्या सुक्या मासळीच्या दुकानाला लागून जिचं दुकान आहे ती. दोघींनी केस नव्याने कुरळे करून घेतले होते.

"तिकिटं संपली गं, आई," असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. "बुसानच्या चित्रपट महोत्सवात असंच असतं. पुढे माझा सिनेमा थिएटरला लागला की नेईन तुला." पण थोंगयोंगवालीच्या नातीने मोबाइलवरून दोन तिकिटं मिळवली होती.

"काय दिग्दर्शक साहेब!" थोंगयोंगवालीने तिथूनच हात हलवला. "आम्हाला टाळत होतास होय रे? मासळीचा वास येईल म्हणून?"

आजूबाजूचे हसले. ग्युचानही हसला. मग अंधार झाला.

चित्रपटाच्या मध्यावर काय येणार आहे ते त्याला ठाऊक होतं. गोष्टीतली आई जिवंत अशी कुठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त अंत्यविधीच्या दालनात पांढऱ्या शेवंतीमध्ये ठेवलेला, काळी फीत लावलेला तिचा फोटो. त्या फोटोसाठी ठरवलेली बाई ऐन वेळी फिरली. "जितेपणी काळ्या फितीत बसू? तुमचे पैसे तुम्हीच ठेवा," म्हणाली. दालन एकाच दिवसापुरतं मिळालं होतं. ग्युचान आईच्या घरी गेला. ती बाजारात होती. कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेली चौकट त्याने उतरवली.

आईने तो फोटो बाजारातल्या मैत्रिणींबरोबर जाऊन हौसेने काढून घेतला होता. आपल्या अंत्यविधीत ठेवायचा फोटो धडधाकट असतानाच काढून ठेवला की आयुष्य वाढतं, आणि वेळ आली की पोरांची धावाधाव होत नाही, असं सगळ्याच म्हणतात. अंगात सणासुदीला घालायचा पोपटी हानबोक, मोत्याची पिन, ओठांवर दाबून धरलेलं हसू. ग्युचानने त्यावर काळी फीत लावली, आणि काम झाल्यावर फीत काढून चौकट पुन्हा कपाटावर ठेवून दिली.

फोटो लांबूनच दिसेल असं त्याने ठरवलं होतं. पण छायाचित्रणकाराने कॅमेरा हळूहळू पुढे नेला आणि आईचा चेहरा पडदाभर झाला. संकलनात तो तुकडा काढता आला असता. पाहणारा प्रत्येक जण तिथेच गप्प व्हायचा, म्हणून त्याने तो राहू दिला. फोटो उचलला तो घाईत. राहू दिला तो मात्र शांत डोक्याने, चहा पीत.

आता तो चेहरा समोर आला. पडद्यावरची माणसं त्याच्यापुढे गुडघे टेकून डोकं जमिनीला लावत होती. कुणीतरी नाक ओढलं. मागून थोंगयोंगवालीचा आवाज आला, "अगंबाई, ही तर तू!" पाठोपाठ आईचं "श्शू!"

ग्युचानने मागे पाहिलं नाही.

खेळ संपल्यावर प्रेक्षकांचे प्रश्न सुरू झाले. एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली. "दिग्दर्शक साहेब, फोटोतल्या आजी कोण आहेत? मला माझी आजी आठवली."

आई मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती, इतकंच.

"एका स्टुडिओत मिळाला," ग्युचान म्हणाला. "जुना फोटो आहे. कोण त्या, ते... माहीत नाही."

बाहेर थोंगयोंगवालीने त्याला जिन्यातच गाठलं. "माहीत नाही? जन्मदात्या आईला ओळखत नाहीस? वर जिवंतपणी तिचं दिवसकार्य उरकून मोकळा झालास!"

"गप गं," आई म्हणाली. "फोटो मीच दिला त्याला. माझं नाव घेऊ नकोस, असंही मीच बजावलं होतं. बाजारात उगाच चर्चा कशाला?"

"तू दिलास? काळी फीत लावायला?"

"हो. पोराचं काम अडलं होतं."

थोंगयोंगवालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग मला आधी सांगायचंस ना, ग्युचानच्या आई. मी उगाच रडले." आईने पर्समधून रुमाल काढून तिला दिला. ग्युचानकडे पाहिलं नाही.

पारितोषिकं शेवटच्या दिवशी होती. परीक्षकांनी ग्युचानचं नाव पुकारलं आणि मानपत्र वाचलं. त्यात त्याच फोटोची स्तुती होती, 'एका अनोळखी स्त्रीचा विसरता न येणारा चेहरा'. या वेळी आईला त्याने स्वतः आणून पुढे बसवलं होतं. पलीकडे थोंगयोंगवाली होतीच.

स्मृतिचिन्ह हातात घेऊन तो माइकपाशी गेला. "तो फोटो..." त्याने सुरुवात केली.

आईने मांडीवरचा पंजा जरासा उचलून हलवला. गिऱ्हाइकाला नको म्हणताना ती करते तसा. खरं सांगितलं तर जिन्यातलं तिचं बोलणं खोटं ठरणार होतं, तेही थोंगयोंगवालीसमोर. त्याच्यासाठी बोललेलं ते खोटं आता त्यालाच सांभाळायचं होतं.

"त्या बाईंचा मी ऋणी आहे," तो म्हणाला आणि कमरेत वाकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनेही टाळ्या वाजवल्या, इतरांसारख्याच.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला जेवायला बोलावलं. माशाचं सार उकळत होतं. चौकट कपाटावरून खाली आली होती आणि भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"हा आता चालणार नाही," आई वाट्या मांडत म्हणाली. "एकदा वापरून झाला. त्याच्यापुढे नमस्कारसुद्धा झाले."

"आई, मी..."

"नवा काढायला हवा. हानबोक इस्त्रीला टाकलाय."

"मी काढतो. चांगला कॅमेरा आणतो, इथेच खिडकीपाशी..."

"नको. तू नको." तिने त्याच्या भातावर माशाचा तुकडा ठेवला, काटे काढलेला. "बाजारातल्या स्टुडिओत जाईन. तो मला ओळखतो."

सार थंड होत होतं. "जेव," ती म्हणाली, आणि त्याने मान वर न करता चमचा उचलला.