डोंगरावरचे सतरा खांब

मित्रांनो, मी एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीतला जुना मॉनिटर आहे. कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा दादा, म्हणजे माझा मालक, शर्टाच्या बाहीने माझी काच पुसायचा. "असे रंग दुसरीकडे दिसायचे नाहीत," असं गिऱ्हाइकांना सांगायचा आणि मी फुगून जायचो. आता माझा डावा कोपरा पिवळा पडला आहे आणि माझ्या डोक्यावर बिलांचा गठ्ठा ठेवतात.

स्वभावाने मी भारी चौकस. किती डोंगर, नद्या, समुद्र माझ्या काचेवर उमटून गेले, पण खरा डोंगर मी एकही पाहिलेला नाही. त्यामुळे दादा एकाच फोटोची तीन-चार रूपं करून समोर मांडायचा, तेव्हा मला राहून राहून वाटायचं, यातलं खरं कोणतं असेल?

एकदा मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. त्यांचे यजमान वीज खात्यात लाइनमन होते. सहा महिने ते अंथरुणाला खिळले होते आणि आजारपणात त्यांनी बोलणंच सोडून दिलं होतं.

"पलीकडच्या डोंगरावर यांची उमेदीची वर्षं गेली," काकू म्हणाल्या. "तिथला मोठा फोटो पलंगासमोर लावायचाय. बघून एक शब्द बोलले तरी पुष्कळ झालं."

दादाची धाकटी बहीण डोंगराचा फोटो काढून आली. दादाने दोन दिवस मान मोडून काम केलं. त्याची एक ठरलेली रीत होती. निसर्गाच्या फोटोत तार किंवा खांब दिसला, की तो आधी पुसायचा. "फोटोतली जळमटं" म्हणायचा तो त्यांना. मग त्याने तीन रूपं केली. एकात सोनेरी ऊन होतं, दुसऱ्यात काळेभोर ढग आणि तिसऱ्यात डोंगर असा हिरवागार, की मलाच माझ्या रंगांची शंका यावी.

काकूंनी तिन्ही फोटो बराच वेळ पाहिले. कोणता निवडतील, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो.

"छान आहेत रे," त्या म्हणाल्या, "पण हा तो डोंगर नव्हे."

"तोच आहे, काकू. मी स्वतः गेले होते," बहीण म्हणाली.

काकूंनी चष्मा सारखा करून नाक अगदी माझ्या काचेला टेकवलं. "मग खांब कुठे गेले? सतरा होते. यांनी माणसं लावून, खांद्यावरून चढवलेले."

दादाचं तोंड एवढंसं झालं. "मी पुसले, काकू."

काकू रागावल्या नाहीत. नुसत्या खाली बसल्या. मला फार वाईट वाटलं, कारण ते खांब माझ्याच काचेवर, माझ्यादेखत पुसले गेले होते.

"तरी तुला म्हटलं होतं, आधी विचार," बहीण म्हणाली.

"कधी म्हणालीस?"

"आत्ता म्हणतेय!"

दादाने मूळ फोटो उघडला. ऊन फिकट, आभाळ धुरकट. या वेळी त्याने रंगांना हातही लावला नाही, फक्त तारा थोड्या ठळक केल्या. काकूंनी बोट ठेवत खांब मोजले आणि म्हणाल्या, "हाच दे."

पुढचे आठ दिवस माझा जीव टांगणीला लागला. नवव्या दिवशी काकू आल्या त्या हसत आणि डोळे पुसत. काका दोन दिवस फोटोकडे टक लावून बघत होते म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी हात उचलून म्हणाले, "नववा खांब कललाय. कुणीतरी बघायला हवं."

दादाने लगेच फोटो उघडला. खरंच कलला होता. आम्हा कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं.

मित्रांनो, डोळ्यांना खुपतं म्हणून काही पुसायला जाल, तेव्हा ते कुणी उभं केलं आहे, एवढं विचारत जा. दादा आता विचारतो. त्या दिवशी त्याने माझ्यासमोर बसूनच वीज खात्याला तक्रार लिहिली. खाली काकांचं नाव घातलं आणि नावापुढे 'निवृत्त लाइनमन' असं लिहू लागला. काकूंनी त्याला 'निवृत्त' खोडायला लावलं.