निरंक

हौसाबाईने तपासणीच्या नळीत फुंकर घातली की दुसऱ्या टोकातून रुपेरी भुकटी पडायची. पहिल्या दिवशी खोलीत घोट्याएवढी साचली, दुसऱ्या दिवशी गुडघ्याएवढी. दोन्ही दिवस डॉक्टर निमकरांनी यंत्राकडे बघून वहीत ‘निरंक’ लिहिलं. यंत्राला दिसावा एवढा त्या भुकटीचा कण मोठा नव्हता. मग हौसाबाईने श्वास आत घेतला आणि सगळी भुकटी मुकाट तिच्या छातीत परत गेली.

मोज्यांना वास येऊ नये म्हणून कारखाना त्यांना चांदी लावायचा. ती चांदी धुरापेक्षा बारीक. साहेब लोक तिला नॅनो म्हणत. हौसाबाई अकरा वर्षं ती पिंपात ओतत होती. सुटताना बायकांना गुळाचा खडा मिळे. गूळ धूळ पोटात नेतो, छातीत राहू देत नाही, असं सगळ्याच धरून चालल्या होत्या.

आज तिसरी, शेवटची तपासणी. आजही निरंक आलं, तर काम निर्धोक ठरणार होतं आणि सोमवारपासून त्याच पिंपापाशी तिची सून सुगंधा उभी राहणार होती. सुगंधाला सहावा महिना. कामाला लायक असल्याची चिठ्ठी घ्यायला ती बाहेर बाकावर बसली होती.

आज हौसाबाईने नुसतीच फुंकर घातली, श्वास घेतला नाही. भुकटी कमरेपर्यंत चढली. डॉक्टरांनी पाण्याची बाटली कपाटावर ठेवली. वयाच्या मानाने छाती उत्तम आहे, वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. तोवर भुकटी त्यांच्या हनुवटीला लागली.

“लिहा,” हौसाबाई म्हणाली. बोलतानाही शब्दागणिक चिमूटभर सांडत होती.

“काय लिहू, मावशी? यंत्र शून्य दाखवतंय.”

“यंत्राला कशाला विचारता? कुठवर आलीय ते तुमच्या गळ्याला विचारा.”

डॉक्टर हसले. लग्नात सुनेला एवढी चांदी घातली होती का, असं त्यांनी गमतीने विचारलं.

“नव्हती जमली. आणि आता ही तिच्या अंगावर पडू देणार नाही.”

“श्वास तर घ्यालच ना कधीतरी? घ्या. खोली रिकामी झाली की जे दिसेल तेच लिहीन.”

त्यांनी वही डोक्यावर धरली, पेन रकान्यावर टेकवलं आणि ते वाट बघत राहिले.

बाहेर शिपायाने सुगंधाचं नाव पुकारलं. बाक सरकल्याचा आवाज आला.

हौसाबाईने दाराला पाठ लावली, तोंड मिटलं आणि नाक चिमटीत धरलं.