कुरुपांच्या घरची उरळी

आमच्या गावात घराची प्रतिष्ठा मोजण्याची रीत अशी होती, की प्रभासनने तिथे चोरी केली आहे का, एवढेच पाहायचे. प्रभासन हा गावचा चोर. तो काशाच्या भांड्यांखेरीज कशाला हात लावत नसे, आणि तीही निवडून घेई. ज्याची पायसम शिजवण्याची उरळी जाई, तो गृहस्थ हळहळताना जरा ताठ बसे. या अनुमानाला पुरावा काय, असे मी, शाळेत विज्ञान शिकवणारा असल्यामुळे, एकदा विचारले होते. तो प्रश्न कोणाला आवडला नाही.

शेखरन कुरुपांच्या घरी मात्र कधीच चोरी झाली नाही. वास्तविक त्यांची उरळी गावात सर्वांत जड. पण त्यांची मुलगी वनजा आमच्या शाळेच्या ग्रंथालयात काम करी, आणि वाचनाची अजिबात आवड नसलेला प्रभासन तिथे रोज येई. भावी सासऱ्याला लुटणे त्याला प्रशस्त वाटत नव्हते.

वनजाला बँकेतल्या कारकुनाचे स्थळ आले. वरपक्षाने चहाच्या टपरीवर चौकशी केली. चोरसुद्धा त्या घराकडे फिरकत नाही, एवढे कळताच ते निरोप न देता परतले.

दुसऱ्या दिवशी कुरुपांनी प्रभासनला नदीच्या घाटावर गाठले. मी तिथे कपडे पिळत होतो.

"माझ्या घरात काय कमी आहे रे?"

"काही नाही, चेट्टा."

"मग येत का नाहीस? वेलुनायराकडे दोनदा गेलास. त्याची उरळी तर भोक पडून डाग दिलेली होती."

पूरमच्या दुपारी सगळे देवळाच्या मैदानात हत्ती पाहायला जातील, मागच्या दाराला नुसती कडी असेल, असे सांगून ते निघून गेले.

प्रभासन पेचात पडला. चोरी केली, तर अब्रू परत येणार आणि तिच्यामागून कारकूनही. न केली, तर कुरुप हा अपमान जन्मभर विसरणार नाहीत. त्याने वनजाला विचारले. ती पुस्तके लावत म्हणाली, "तू काही करू नकोस. तेवढं तरी जमेल ना?"

पूरमच्या दुपारी तो माझ्या शेजारी, हत्तींच्या अगदी समोर, घाम पुसत उभा होता. साऱ्या गावाने त्याला पाहिले. त्याच वेळी वनजाने उरळी रिक्षात घातली आणि स्वतः प्रभासनच्या घरी जाऊन बसली.

ढोल थांबल्यावर माग काढत कुरुप तिथे पोचले, मागोमाग गाव. वनजा चुलीपाशी उरळीत पायसम ढवळत होती. मुलगी आपल्या पायांनी चोराकडे आली, असे म्हणायचे की चोर आपल्याकडे येऊन गेला, असे? कुरुपांनी काही बोलण्याआधीच प्रभासन पुढे झाला.

"मीच नेली, चेट्टा."

तो दुपारभर मैदानात होता, हे मी निदर्शनास आणले. लोकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. हत्तीसमोर उभे राहून दुसरीकडची उरळी उचलणारा चोर त्यांनी आजवर पाहिला नव्हता; त्यांच्या लेखी माझा पुरावा म्हणजे त्याच्या कौशल्याची पावती होती. वेलुनायर खिन्न दिसले.

"उरळी न्यायची तर न्या, अच्छन," वनजा वडिलांना म्हणाली. "मात्र मी इथंच राहणार."

उरळी परत नेली, तर चोरी झालीच नाही असा अर्थ होणार होता. कुरुपांनी कमरेचे मुंडू सारखे केले.

"राहू दे," ते म्हणाले. "एकदा चोरीला गेलेलं परत आणणं आपल्या घराण्याला शोभत नाही."

हे नेमके कशाविषयी, असे कोणीही विचारले नाही. मीसुद्धा नाही.