पाचव्या नोंदीतला सोनार

सोनार समाजाच्या पांढुर्णा शाखेनं वंशावळीची पुस्तिका छापायची ठरवली, तेव्हा आमच्या खरवडे घराण्याचं काम माझ्याकडे आलं. मी सौंसरला शिक्षिका, अक्षर बरं, आणि उन्हाळ्याची सुटी होती. प्रत्येकाचं नाव, जन्मसाल आणि धंदा एवढंच हवं होतं.

माझे आजोबा बापूजी सौंसरच्या शाळेतून चपराशी म्हणून निवृत्त झाले, इतकं मला माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या जन्माचा कागद सापडला नाही. पाच मुलांचे सापडले. पाचही आजीच्या माहेरी, पांढुर्ण्यालाच जन्मलेली, आणि नगरपालिकेच्या रजिस्टरात बापाच्या धंद्याचा रकाना होता. चव्वेचाळीस साली रामाजीकाका जन्मले तेव्हा बाप सोनार. सत्तेचाळीस साली कलाआत्या, बाप कापसाच्या जिनात मजूर. पन्नास साली माझे वडील गुणवंता, बाप मोटार स्टँडवर तिकिटं फाडणारा. त्रेपन्नला रघुनाथकाका, बाप चपराशी. छप्पन्नच्या डिसेंबरात विजयाआत्या. तोवर नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं होतं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो होतो, आणि रजिस्टर हिंदीत लिहिलं जाऊ लागलं होतं. बापाचा धंदा: चांदी का काम.

खबर देणारा पाचही वेळा एकच. नत्थूजी, म्हणजे बापूजींचे वडील.

चपराशाचा परत सोनार कसा झाला, हे विचारायला मी लोधीखेड्याला कलाआत्याकडे गेले. ती शेंगा फोडत होती. अर्ध्या शेंगा तिनं माझ्यापुढे सरकवल्या आणि सांगायला लागली.

नत्थूजी आणि बापूजी, बाप-लेक, पांढुर्ण्याच्या बाजारात एकाच भट्टीवर बसत. शेहेचाळीस साली अंबाबाई नावाची शेतकरीण पायातले चांदीचे तोडे सैल करून घ्यायला आली. तोडे नत्थूजींनीच घडवलेले. तिनं सहज विचारलं, चांदी चोख आहे ना. बापूजींनी कानस मारून पाहिली आणि तांबं जास्त आहे म्हणून सांगितलं. दुकानात आणखी चार बाया बसल्या होत्या. नत्थूजींनी लेकाच्या हातातली फुंकणी काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले.

बापूजी बायको केसरबाई आणि मुलाला घेऊन सौंसरला आले. दहा वर्षं बाप-लेक बोलले नाहीत. पण बाळंतपणाला केसरबाई माहेरी जाई, आणि नातवंड झालं की नत्थूजी परस्पर नगरपालिकेत जाऊन नोंद करून येत. लेक काय करतो हे त्यांना लोकांकडून कळत असावं. धंदा त्यांनी दरवेळी बरोबर सांगितला. शेवटच्या वेळी मात्र नाही.

विजयाच्या नोंदीची नक्कल घेऊन केसरबाई सौंसरला परतली. बापूजींनी ती दोनदा वाचली. सरकारी नोकराच्या नावावर दुसरा धंदा निघाला तर नोकरी जाईल, असं म्हणून त्यांनी रविवारी पांढुर्ण्याची मोटार पकडली. रविवारी नगरपालिका बंद असते हे त्यांना माहीत नव्हतं, असं नाही.

ते थेट दुकानात गेले. नत्थूजी एकटेच होते.

"बाबा, रजिस्टरात चूक झाली," बापूजी म्हणाले. "मी चपराशी आहो."

"मले माहीत हाय."

"मंग दुरुस्त करा लागन."

नत्थूजींनी चांदीची तार त्यांच्याकडे सरकवली. विजयासाठी त्यांनी वाळे करायला घेतले होते, एका पायाचा झाला होता. "दुसरा तू कर," ते म्हणाले. "मंग चूक राहत नाही."

बापूजी लगेच बसले नाहीत. आधी त्यांनी तार कसोटीच्या दगडावर घासली आणि दाराशी उजेडात नेऊन कस पाहिला. चांदी चोख होती. मग बापूजींनी टोपी काढून ठेवली आणि भट्टीपाशी बसले. दहा वर्षांत हाताची सवय गेली होती, वाळा पहिल्यापेक्षा जरा जाड झाला. नत्थूजींनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि पहिल्याशेजारी ठेवला.

"नत्थूजींनी माफी मागितली का?" मी विचारलं.

"कायची माफी," आत्या म्हणाली. "जेवून जा म्हणे. आमचे बाबा जेवले."

नोंद दुरुस्त करायची राहूनच गेली. पुढे बापूजी दर रविवारी पांढुर्ण्याला जाऊ लागले. मजुरी घेत नसत. मजुरी नाही म्हणजे धंदा नाही, तेव्हा नोकरीला धोका नाही, असं त्यांचं मत होतं. पुस्तिकेसाठी मी 'चपराशी व सोनार' असं लिहून दिलं. समितीनं 'चपराशी' गाळलं.

शेवटच्या वर्षी नत्थूजींना दिसेनासं झालं. ते लेकाशेजारी बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, ठोका जोरात पडून राहिला. एकसष्ट साली ते गेले. दुकान चुलतभावाकडे गेलं आणि बापूजींचे रविवार मोकळे झाले. त्या दिवशी काय करावं हे त्यांना सुचेना. मग ते बंद शाळेत जाऊन पितळी घंटा चिंचेनं घासत बसू लागले. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, रविवारी कशाला येता. बसून राहा म्हटलं तर हातानं ऐकलं पाहिजे ना साहेब, असं ते म्हणाले, आणि घासत राहिले.