निळ्या पोटावरचे शब्द

मी जुना आहे, निळा आहे, आणि माझ्या रबरी नळीला मधोमध एक सांधा आहे. मित्रांनो, फवारणीचा पंप म्हटला की तुम्ही नाक मुरडता, हे मला ठाऊक आहे. अंगाला वास येतो, मान्य. पण त्या सांध्याची हकीकत ऐकल्याशिवाय जाऊ नका. ती नळी झिजून तुटलेली नाही. एका मुलीने ती इळ्याने, म्हणजे विळ्याने, कापली, आणि कापली म्हणूनच मी आज ताठ मानेने बोलतो आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. तिथून मालमोटारीने मी अकोल्याच्या एका दुकानात आलो आणि छताला टांगून घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिलो. एके दिवशी जानरावांनी मला खाली उतरवलं, दांडा वरखाली करून पाहिला, आत डोकावून पाहिलं आणि मोटारसायकलच्या मागे बांधून मूर्तिजापूरजवळच्या आपल्या गावी नेलं. घरी पोहोचताच त्यांच्या बायकोने माझ्यावर पाणी ओवाळून टाकलं. टांगून राहण्याचे दिवस मी त्याच क्षणी विसरलो.

पहिल्या वर्षी माझा थाट विचारू नका. फवारणी संपली की जानराव मला विहिरीवर नेत, आतून-बाहेरून धूत, पाणी भरून दांडा हलवत आणि नळीतून स्वच्छ धार आल्याशिवाय सोडत नसत. मग गोठ्यातल्या खुंटीला उलटा टांगत. शेजारी थट्टा करत, "जानराव, पंप हाय का जावई?" मी आणखीच फुगून बसे. पुढे हे लाड आटले. पट्टा तुटला तिथे सुतळी आली, वायसर झिजला, आणि धुणं एका खळखळीवर भागू लागलं. घाई सगळ्यांनाच असते. मी रुसलो नाही, पण मनाला लागायचं ते लागलंच.

अशा पडत्या दिवसांत हर्षा माझ्याकडे वळली. हर्षा ही जानरावांची मुलगी, मूर्तिजापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. इंग्रजी तिला जमत नसे. रात्री शब्द घोकायची, सकाळी पाटी कोरी. मग कॉलेजात दीपमाला मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, "नवा माणूस भेटला की आपण काय विचारतो? गाव कोणतं, कोणाच्या घरचे? शब्दालाही तेच विचारा. एक घर ओळखीचं झालं की त्या घरची सगळी मंडळी ओळखीची होतात." आणि त्यांनी काम दिलं, घरात, गोठ्यात, वावरात म्हणजे शेतात, जिथे इंग्रजी शब्द सापडेल तिथे तो धरायचा आणि त्याचं घर शोधायचं.

हर्षाने पहिला शब्द माझ्याशेजारच्या बाटलीवर धरला, इन्सेक्टिसाइड. मोबाइलमध्ये शोधून ती स्वतःशीच बोलत राहिली. इन्सेक्ट म्हणजे किडा. मागचं 'साइड' आलं लॅटिन भाषेतून, अर्थ कापणं, मारणं. किड्याला मारणारं ते इन्सेक्टिसाइड. भिंतीवर लिहिलं तर आई ओरडते, म्हणून तिने काळा मार्कर घेतला आणि ते माझ्या निळ्या पोटावर इंग्रजी अक्षरांत लिहून टाकलं. मला गुदगुल्या झाल्या, पण हललो नाही.

मग रोज भर पडू लागली. माझ्या नळीच्या टोकाला जे नोझल आहे ना, त्याचा अर्थ छोटं नाक! हे ऐकून जानराव म्हणाले, "मंग आता शिंकूनबी देईन थो." टॉक्सिक म्हणजे विषारी, आणि त्याचं मूळ ग्रीक भाषेतल्या धनुष्यात, कारण जुने लोक बाणाच्या टोकाला विष लावत. मी जानरावांच्या पाठीवर भात्यासारखा बसतो, त्यामुळे हा शब्द मला फार आवडला. 'पंप' या शब्दाचं मूळ मात्र कोणाला धड सांगता येत नाही, बहुधा तो नुसत्या आवाजावरून पडला असावा, असं तिने वाचून दाखवलं. मित्रांनो, मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तसा मी कधीच बोलत नाही, हा भाग वेगळा.

एक शब्द तिने सगळ्यांत ठळक लिहिला, डिसाइड. त्याच्याही घरात तेच कापणं. बाकीच्या वाटा कापून टाकायच्या आणि एक ठेवायची, म्हणजे ठरवणं. पाठीवर ही सगळी अक्षरं घेऊन जानराव वावरात निघाले की निंदणाऱ्या बाया हसत. "काहून जानराव, पाठीवर कॉलेज घेऊन फिरून राहिले?" जानरावही हसत. पण मॅडमनी हर्षाला एक बजावलंही होतं. मूळ आपल्याला गल्लीपर्यंत नेतं, घर कधीकधी चुकतं. खात्री करून घ्यायची. ते वाक्य हर्षाने माझ्यावर लिहिलं नाही, मनात ठेवलं.

आता त्या सकाळकडे येतो. यंदा कपाशी, म्हणजे आमच्याकडची पऱ्हाटी, चांगली छातीला लागली होती. पात्या, म्हणजे कळ्या, धरल्या होत्या. त्या घराचं वर्षभराचं सगळं त्या एका वावरात उभं होतं, दुसरं काही नव्हतं. आणि नेमके तुडतुडे, पानांतला रस शोषणारे किडे, पडले. पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या.

आदल्या दिवशी शेजारच्या केशरबाईंचा मुलगा गजेंद्र मला मागून घेऊन गेला होता. त्याने माझ्यात काहीतरी भरलं आणि आपल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतावर मारलं. मला त्याची चव कळली. हे किड्याचं नव्हतं. हे गवत मारणारं होतं, तणनाशक. काम झाल्यावर गजेंद्र आईला म्हणाला, "पंप धुऊन देऊन देजो जानरावभाऊले," आणि जीप घेऊन मेळघाटात धारणीकडे निघून गेला.

केशरबाईंनी मला घासलं, अगदी प्रेमाने घासलं, पण बाहेरून. हर्षाची अक्षरंसुद्धा फिकी पडली. आतला तळाचा घोट तसाच राहिला. आणि एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. केशरबाईंनी उभ्या जन्मात कोणाचं भांडं रिकामं परत केलेलं नाही. साखरेची वाटी नेली तर परत येताना तीत गूळ येतो, डबा नेला तर चार बोरं येतात. मग पंप रिकामा कसा द्यायचा? माझ्या शेजारी गजेंद्रची उरलेली बाटली होती. तिच्यासोबतचा मराठी माहितीचा कागद कधीच उडून गेलेला. त्यांनी बाटली उचलली आणि माझ्यासोबत आणून दिली.

"जानराव, पंपासंगं औषधबी आनलं. तुमच्या पऱ्हाटीले कामी येईन."

"काहून तरास घेतला काकू?" जानराव म्हणाले, पण सुखावले. गजेंद्रची पऱ्हाटी गावात सगळ्यांत हिरवी. त्याने वापरलेलं औषध म्हणजे चांगलंच असणार. आमच्या भागात बाटलीतलं सगळं औषधच असतं.

मी ओरडत होतो, मित्रांनो. पण माझं ओरडणं म्हणजे दांड्याची करकर. ती कोण ऐकतं?

सकाळी वारा पडलेला होता. जानरावांनी मला विहिरीवर नेलं, पाणी भरलं, बाटलीतलं औषध टोपणाने मोजून ओतलं. कानातोंडाला दुपट्टा बांधला आणि मला पाठीवर घेतलं. माझ्या पोटात ते डुचमळत होतं आणि समोर ते हिरवं वावर उभं होतं. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. जानराव धुऱ्यावर थांबून पट्ट्याची सुतळी आवळत होते, तेवढ्यात हर्षा न्याहारी घेऊन आली.

तिने भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि सवयीने बाटली उचलली. नवी बाटली, नवा शब्द. ती मोठ्याने वाचू लागली. "हर्बी... साइड. हर्बिसाइड." ती माझ्या पोटाकडे पाहत होती. मागचा अर्धा तिथे लिहिलेला होता, मारणं. पुढचा अर्धा नव्हता. हर्ब. हर्ब कुठे भेटलं होतं? शाळेत. हर्बीव्होरस. गाय, बकरी, हरीण. पाला खाणारे प्राणी. हर्ब म्हणजे पाला, झाड. मग हर्बिसाइड?

"बाबा, थांबा!"

जानरावांनी दुपट्टा खाली ओढला. "काय झालं?"

"हे किड्याचं नाई वाटत. झाड मारनारं वाटते."

"वाटते? गजेंद्र का वेडा हाय, झाड माराचं औषध आनाले?"

"त्याले फोन लावते." तिने लावला. गजेंद्र मेळघाटात, फोन संपर्काच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मॅडमना लावला, त्या वर्गावर असाव्यात, कोणी उचलेना. वावरात मोबाइलची रेंज एका रेषेवर, शोधायला गेलं तर चक्र नुसतं फिरत राहिलं.

"हे पाय हर्षे," जानराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग कमी आणि धास्ती जास्त होती, "तुडतुडे तुया फोनची वाट पायत नाई. आज नाई मारलं तं उद्या वावर पिवळं. अन् तुयं ते मूळ-गीळ चुकलं तं? मंग कोन भरून देईन?"

हर्षाने बाटलीवरचा शब्द पुन्हा वाचला. तिला मॅडमचं वाक्य आठवलं असणार, घर कधीकधी चुकतं. तिचा चेहरा मला दिसत होता. थांबवलं आणि चुकली, तर किडीने वावर जाईल. नाही थांबवलं आणि बरोबर निघाली, तरीही वावर जाईल. दोन्ही वाटा तिच्यापुढे उघड्या होत्या आणि बाप वाट पाहणार नव्हता.

जानरावांनी दुपट्टा वर ओढला आणि वळले. आता त्यांची पाठ, म्हणजे मी, तिच्याकडे होतो. दांडा एकदा खाली गेला. दुसऱ्यांदा गेला. नोझलमधून फवारा सुटला आणि पहिल्या झाडांवर पडला. जानरावांनी पाऊल पुढे टाकलं.

घासून फिकी झालेली असली तरी ती ठळक अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर होती, डिसाइड.

पालव्या कापायला आणलेला इळा धुऱ्यावर पडला होता. तिने तो उचलला, धावत आली आणि माझी नळी हातात धरून एका झटक्यात कापली.

मला लागलं. खोटं कशाला बोलू? पोटातलं सगळं भळाभळा खाली गेलं, जमिनीत, जानरावांच्या पायांवर. त्यांनी मला खाली टाकलं आणि वळून हात उगारला. हर्षा हलली नाही. इळा टाकून ती नुसती उभी होती.

"मारा," ती म्हणाली. "पन पयले पाय धुवा, बाबा. अंगावर गेलं ते."

हात वरच थांबला, मग खाली आला. जानराव विहिरीवर गेले, त्यांनी पाय धुतले. मग त्यांनी मोटारसायकल काढली. हर्षा मागे बसली, मांडीवर मी, पिशवीत ती बाटली. मूर्तिजापूरपर्यंत हर्षाची बोटं माझ्या पोटावर रुतलेली होती. ती चुकली असती, तर त्या घरात इंग्रजीचं नाव कोणी घेतलं नसतं, आणि तिनेही घेतलं नसतं.

दुकानदार ललितने बाटली हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "कोनत्या पिकावर मारता?"

"पऱ्हाटीवर," जानराव म्हणाले.

ललितने बाटली खाली ठेवली. "जानरावभाऊ, मारलं का तुमी?"

"काहून?"

"तननाशक हाय हे! रुंद पानाचं सारं आकसून जाते. पऱ्हाटी तं याच्या नुसत्या वाऱ्यानं मरते. मारलं का?"

जानराव खाली स्टुलावर बसले. मग हर्षाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाई मारलं. मारू देल्लं नाई." हर्षा तेव्हा कुठे रडली.

ललितने तुडतुड्यांचं योग्य औषध दिलं. मला सोड्याच्या पाण्याने आतून पुन्हा पुन्हा धुवायला सांगितलं, आणि खरं म्हणजे तणनाशकाला पंप वेगळाच ठेवा, असंही बजावलं. मग त्याने माझी नळी पाहिली. "नवी टाकून देऊ?"

"नको," जानराव म्हणाले. "सांधा मारून दे. दिसू दे."

तुडतुडे दुसऱ्याच दिवशी आटोक्यात आले. ज्या थोड्या झाडांवर तो पहिला फवारा उडाला होता, त्यांची पानं पुढे लांबट, बोटांसारखी झाली, अगदी भेंडीच्या पानांसारखी, आणि ती झाडं तशीच वाळली. जानरावांनी ती उपटली नाहीत. वावरात येणाऱ्याला ते ती झाडं दाखवतात, मग बाकीचं हिरवं वावर दाखवतात, आणि मग हळूच म्हणतात, "पोरगी वाचते मायी." हर्षाने माझ्यावरची फिकी अक्षरं पुन्हा गिरवली आणि हर्ब हा शब्द नव्याने लिहिला.

केशरबाईंना कळलं तेव्हा त्या आमच्या उंबऱ्यावर बसून कपाळ बडवू लागल्या. जानरावांनी त्यांचा हात धरला. "काकू, तुमी खाली हातानं आल्या नाई, एवढंच झालं. जयभीम म्हना अन् चा घ्या."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला आतून धुवा, बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका. बाटली उघडण्याआधी तिच्यावरचा शब्द वाचा, आणि तो अनोळखी असेल तर त्याचं घर विचारा. शंका आली तर थांबा. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

परवा गजेंद्रने मला पुन्हा नेलं, या वेळी किड्यांच्या फवारणीला. संध्याकाळी केशरबाई मला घेऊन अंगणात आल्या. त्यांनी माझं झाकण काढलं, मला दोन्ही हातांनी उलटा धरला आणि जानरावांसमोर हलवून दाखवला. एक थेंब पडला नाही.

"पायजा वो," त्या म्हणाल्या, "जन्मात पयल्यांदा रिकामं आनलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या मानाने मला आजवर कोणी परत केलं नव्हतं.